दिवाकर, पुडी तू दिली होतीस

दिवाकर, परवा मंडळाची पोरं घरी आली होती. गुरुजींच्या नावाने स्मरणिका काढतो आहोत, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने सोबती, चार पानं लिहून द्या म्हणाली. जाताना त्यातला एक दारात थांबून म्हणाला, "काका, चांगलं लिहजा." मी हो म्हटलं. हे वाचल्यावर ते छापतील असं मला वाटत नाही. नाहीच छापलं तर मी हाताने नकलून विहाराच्या भिंतीवर चिकटवीन.

तू कुठल्या शाळांत शिकवलंस, कुणाकुणाला मॅट्रिक केलंस, ते बाकीचे लिहितील. त्यांचं काही खोटं असणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू ताप येऊन आठवड्याभरात निघून गेलास. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. तुझ्या तिरडीला खांदा देतानाही धरला होता, आणि खांदा मध्येच सोडला तो दुखत होता म्हणून नाही, रडू येत होतं म्हणून.

हे भांडण कौतिकेबद्दल आहे. सुकरू हमालाची बायको कौतिका. तिने नवऱ्याला दाळीतून विष घातलं असं आपली वस्ती बारा वर्षं म्हणत आली. तिने विष घातलं नव्हतं. तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आज ते लिहून ठेवायचं आहे.

आपली भातगिरण्यांमागची वस्ती तेव्हा कशी होती ते आताच्या पोरांना सांगून पटत नाही. शनिवारी हमालांचा हप्ता व्हायचा आणि गिरणीच्या फाटकापासून घरापर्यंत येताना प्रत्येक वळणावर मोहाची दारू मिळायची. आपण धर्म बदलला, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडून आलो, मेलेल्या ढोराला हात लावणं सोडलं. दारू मात्र सुटली नाही. बाजारातले व्यापारी आपल्या तोंडावर हसायचे. "काय गा मास्तर, बाकी सारं सोडलं, हे काहून नाही सोडत?" ते हसणं तुला भाल्यासारखं लागायचं. मला तेव्हा लागत नव्हतं, कारण मी प्यालेला असायचो.

तू जे केलंस ते मी नाकारत नाही. बायकांना घेऊन भट्ट्यांवर गेलास, मडकी फोडलीस, भट्टीवाल्यांच्या शिव्या आणि एकदा काठीही खाल्लीस. नाल्यात पडलेला माणूस सायकलच्या कॅरिअरवर टाकून घरी आणायचास. त्याच्या ओकारीने भरलेला सदरा रात्रीच धुवायचास आणि सकाळी तोच ओला सदरा घालून शाळेत उभा राहायचास. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणून तर एवढा राग येतो.

मग तू विहारात नियम केलास. ज्याला सोडायची आहे त्याने रविवारी सगळ्यांसमोर एकट्याने उभं राहून पाचवं शील म्हणायचं, नशा न करण्याचं. बाकी चार सगळ्यांनी मिळून, पाचवं त्याने एकट्याने.

मी गिरणीत काट्यावर होतो. दिवसभर पोती तोलायचो आणि संध्याकाळी मला कुणीतरी उचलून आणावं लागायचं. माझी बायको शेवंता माझ्याशी बोलायची बंद झाली होती, ताट सरकवायची आणि तोंड फिरवायची. एका रविवारी तू मला उभं केलंस. मी पाचवं शील म्हटलं. आवाज फुटेना, तरी म्हटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा हमालांत जाऊन बसलो. अर्धा पेला पोटात गेला असेल, तोच तोंड तापलं. कान जळायला लागले. डोळ्यांत रक्त उतरल्यासारखं झालं आणि छाती अशी धडधडायला लागली की गिरणीचा पट्टा तुटून अंगावर येतो आहे असं वाटलं. तिथेच ओकलो. हमाल उठून बाजूला झाले. त्यातला एक ओरडला, "आबे, याले शील लागलं रे! शील लागलं!"

तो शब्द तिथून निघाला.

कुणीतरी तुला बोलावून आणलं. तू माझं डोकं मांडीवर घेतलंस, ओल्या पंच्याने तोंड पुसलंस. मी विचारलं, "मरतो का गा मी?"

"नाई मरत," तू म्हणालास. "आता जगशील."

त्यानंतर मी दारूला हात लावला नाही. शेवंता बोलायला लागली. मी माणसात आलो. तू मला आसपासच्या वस्त्यांत घेऊन जायला लागलास, आणि प्रत्येक सभेत मी उभा राहून सांगायचो की शील मोडलं तर शील लागतं, माझं अंग पाहा, मला लागलं. लोक भ्यायचे. मग आणखी दोघा-चौघांना लागलं आणि भीती पक्की झाली. बाजारातले व्यापारी हसायचे थांबले.

तू तेव्हा काय करायचास ते आठवतं मला. भगताच्या अंगाऱ्याला भर सभेत शिव्या देणारा तू. चमत्कार नसतो, असं फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेणारा तू. माझी चमत्काराची गोष्ट चालू असताना तू मान खाली घालून हलकं हसायचास. मला वाटायचं, किती नम्र माणूस आहे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तुझ्यासोबत नागपूरला गेलो. तुझ्या ओळखीच्या एका औषधवाल्याने तुला गोळ्यांचे डबे दिले. देताना म्हणाला, "गुरुजी, ज्याले देसाल त्याले सांगूनच देजा बरं. गोळी पोटात असून वरून दारू पेला तं जीव जाऊ शकते माणसाचा." तू मान हलवलीस. परत येताना गाडीत गर्दी नव्हती. मी विचारलं, कसल्या गोळ्या?

"दारू सोडवाच्या."

"मंग सांगून देतेस का?"

"सांगितलं तं कोन खाईल बे? घरी सुमन कुटते, मी पुड्या बांधतो, बायका दाळीत टाकतात. ताकदीची पुडी आहे म्हणून सांगितलं त्याइले. मरदाले सांगू नका म्हटलं."

"म्हणजे बायकाइलेबी माहीत नाई?"

"बाईच्या पोटात गोष्ट राहते का? साऱ्या वस्तीत होईन."

"अन शील? शील लागते म्हणतेत लोक, ते?"

"शील आहेच ना. गोळी त्याले आधार देते."

मी मग विचारलं, "मले देल्ली होती का?"

तू थेट माझ्याकडे पाहिलंस. डोळा हलला नाही तुझा. "तुले कायले देऊ? तू आपल्या मनानं सोडली. तुह्यासारखा तूच, बळीराम."

मी खूश झालो, दिवाकर. मला जे झालं होतं तेच त्या दोघा-चौघांना झालं होतं, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. पण तू म्हणालास आणि मी खूश झालो. आयुष्यात मी एकच गोष्ट स्वतःच्या बळावर केली होती आणि ती तू माझ्याकडे राहू दिलीस, असं मला वाटलं.

आता सुकरू. आमच्याच गिरणीतला हमाल. उंच, काळा, पाठीवर पोतं असतानाही कुणाची तरी नक्कल करणारा. तुझी नक्कल तर फार छान करायचा, खांदे उडवत म्हणायचा, "बंधूंनो, बाटली फोडा! रिकामी झाल्यावर फोडा!" कौतिकेनेच मागे लागून त्याला विहारात उभं केलं. त्याने पाचवं शील म्हटलं, तेही जरा तुझ्याच आवाजात. लोक हसले, तूही हसलास. आणि कौतिकेच्या हातात पुड्या गेल्या.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. शनिवार होता. गिरणीच्या फाटकाबाहेर हमाल बसले होते, सुकरूही. एक पेला प्याला आणि त्याचं तोंड लाल झालं. सगळे ओरडायला लागले, "लागलं, लागलं, सुकऱ्याले शील लागलं!" मी काट्याची खोली बंद करून तेवढ्यात बाहेर आलो होतो. सुकरू हसला. छातीवर हात मारून म्हणाला, "माही कातडी हमालाची आहे. पाहतो आज, शील मोठं का सुकरू मोठा." आणि त्याने दुसरा पेला घेतला. मग तिसरा. हमाल टाळ्या वाजवत होते.

त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. औषधवाल्याचं बोलणं माझ्या कानात होतं. मी ओरडायला हवं होतं की सुकरू, पोटात गोळी आहे, पिऊ नको. मी म्हणालो, "बस कर गा आता." एवढंच. त्याने माझीही नक्कल केली आणि पेला संपवला. थोड्या वेळाने त्याला श्वास घेता येईना. हातगाडीवर टाकून दवाखान्याकडे नेत होतो. वाटेतच तो संपला.

शेजारणीने कौतिकेला दाळीत पूड टाकताना पाहिलं होतं. सुकरूच्या भावाने तिचे केस धरून तिला अंगणात ओढलं. ती म्हणत राहिली, "गुरुजीनं देल्ली, गुरुजीनं देल्ली पुडी." मग विहारात बैठक बसली. तू मध्ये, मी तुझ्या बाजूला. बायका एका बाजूला, पदर तोंडावर घेऊन.

तू काय म्हणालास ते मी शब्दन् शब्द लिहितो. "ताकदीची पुडी मी किती घरी देल्ली. कोनी मेलं का? त्याच्यात तिनं आणखी काय टाकलं ते तिले माहीत."

सुकरूचा भाऊ माझ्याकडे वळला. "बळीरामभाऊ, तुमी जाता ना यायच्यासंगं नागपूरले. काय आणता?"

मी म्हणालो, "ताकदीचंच औषध आहे."

कौतिकेने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दिवाकर. मी काहीतरी पुढे बोलेन म्हणून वाट पाहत होती. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसलो.

मग तुझा मोठेपणा सुरू झाला. पोलीस आणून समाजाची अब्रू घालवायची का, म्हणालास. बाई आहे, पदरात पोरगी आहे, झालं ते झालं, तिले माफ करा. आणि लोकांनी तुझ्या शब्दाखातर तिला माफ केलं. तू लोकांना तिला माफ करायला लावलंस! जी गोष्ट तिने केलीच नव्हती तिच्यासाठी तिने तुझ्या पाया पडावं, एवढंच राहिलं होतं, आणि तिला ढकलत आणून तेही करवलं गेलं. तू पाय मागे घेतलेस. ते मी पाहिलं. त्या एका हालचालीवरून मी आजवर ठरवत आलो की तुला लाज वाटत होती. आता वाटतं, सवय असेल. मास्तरांच्या पाया पोरं पडतातच.

मी तुला गाठून विचारलं होतं. तू म्हणालास, "हे बाहेर गेलं तं बाजार काय म्हणन? धर्म बदलून हे आपल्याच माणसाइले औषध घालून मारते म्हणन. उद्यापासून पुन्हा भट्ट्या पेटन. एका बाईचं नाव मोठं का साऱ्या समाजाचं?" तुझ्या बोलण्यात तथ्य होतं, नाही असं नाही. आपण मूठभर माणसं, आपल्याकडे डोळे लावून बसलेले खूप. पण मी गप्प बसलो ते त्यामुळे नाही. पुडीची गोष्ट उघडी झाली असती तर लोक म्हणाले असते, बळीरामची दारूही पुडीनेच सुटली. मला ते नको होतं. एका बाईच्या नावापुढे मी माझी फुशारकी ठेवली. हे माझं आहे, ते तुझ्या माथ्यावर टाकत नाही.

तू पुड्या बंद केल्यास. शील लागेनासं झालं. काही लोक पुन्हा प्यायला लागले आणि त्यांना काहीच होईना. तेव्हा वस्तीने काय कारण शोधलं, आठवतं? कौतिकेच्या पापाने शीलाची ताकद गेली! तुझ्या कानावर हेही आलं आणि तू फळ्यावर चमत्कार नसतो असं लिहीत राहिलास.

बुद्धपौर्णिमेच्या खिरीला तिचा हात लागू देत नसत. लग्नघरी तिला बोलावत, पण चुलीपासून लांब बसवत. तिची पोरगी लता आपल्या शाळेत होती, पोरं तिचा डबा उघडून वास घ्यायची. कौतिका नाल्याजवळच्या शेवटच्या घरात बिड्या वळत बसायची. तिच्या हातचं कुणी खात नसे. तिने वळलेल्या बिड्या मात्र अख्खी वस्ती ओढायची. मीही ओढल्या.

आणि गेल्या वर्षीची ती बैठक. आरोग्य खात्याचा तरुण डॉक्टर आला होता. रक्तातून, सुयांमधून, शरीरसंबंधातून पसरणारा एक नवा रोग आला आहे, त्यावर औषध नाही, मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांवर काम करणाऱ्यांत तो दिसू लागला आहे, असं तो सांगत होता. आपल्या वस्तीतली कितीतरी पोरं ट्रकवर क्लीनर आहेत. दारूबंदीत तुमच्या समाजाने नाव काढलं आहे, या कामात तुम्हीच मदत करा, तो म्हणाला. रक्त तपासायला हवं, पण पोरं घाबरतात. तेव्हा तू उठलास. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. म्हणालास, "त्याइले सांगाची गरजच काय डॉक्टरसाहेब? ताकदीचं इंजेक्शन आहे म्हणा, अन घ्या रक्त काढून."

ताकदीचं! तोच शब्द, दिवाकर. तुझी जीभ अडखळली नाही.

डॉक्टर म्हणाला, "नाही गुरुजी, सांगूनच घ्यावं लागेल. त्याच्या अंगाचं त्याला कळलं पाहिजे."

मी उठून बाहेर आलो. तू मागून आलास. विहाराच्या कठड्यापाशी मी तुला म्हटलं, "सुकरूले मारून मन नाही भरलं काय?"

"मी मारलं का? दारूनं मारलं."

"मंग कौतिकेले कोनं मारलं?"

"ते बाई जिवंत आहे."

"हाव का? जा तं तिच्या घरी, चहा पिऊन ये."

तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. तेवढ्यात डॉक्टरने आतून हाक मारली आणि तू गेलास. त्यानंतर आपण दोघं समोरासमोर आलो की जयभीम घालायचो आणि पुढे जायचो. ते तोंड उघडून तू काय बोलणार होतास, ते मला कधी कळणार नाही. तुझ्या मरणातलं हेच मला सर्वांत जास्त खुपतं.

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. सुमनवहिनीजवळ बसलो. आम्ही दोघंही रडलो, खोटं कशाला सांगू. रडता रडता जुन्या गोष्टी निघाल्या. ती म्हणाली, "तुमी सुधरले भाऊजी, तवा हे किती खूश होते. पयली पुडी तुमचीच होती ना. शेवंताले मी माह्या हातानं नेऊन देल्ली."

तिला वाटलं मला माहीत आहे. मी हो हो म्हणालो. उठून नळावर गेलो आणि तोंड धुतलं.

शेवंता गेली त्याला पाच वर्षं झाली, तिला विचारता येत नाही. तुलाही नाही. त्या शनिवारी तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास तेव्हा माझी छाती कशाने फुटते आहे ते तुला माहीत होतं. "नाई मरत" म्हणालास. तुला तरी खात्री होती का? मी मेलो असतो तर शेवंतेलाही तू लोकांकडून माफ करवलं असतंस. आणि तरी, दिवाकर, त्या पुडीमुळे मला ही वर्षं मिळाली. नातवंडं पाहिली. याचे आभार मानू की तुझं थोबाड फोडू, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही करायला तू समोर हवा होतास.

पण एक झालं. ज्या फुशारकीसाठी मी गप्प होतो ती तशीही खोटीच निघाली. आता झाकायला काही राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कौतिकेकडे गेलो.

ती मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. "या भाऊ," म्हणाली, जशी रोज येणाऱ्याला म्हणावं. मी बसलो आणि सरळ सांगून टाकलं. त्या पुडीत ताकदीचं काही नव्हतं, दारू सोडवायची गोळी होती, वरून दारू प्याली तर माणूस मरू शकतो, हे गुरुजींना माहीत होतं, मला माहीत होतं.

तिचे हात थांबले. "गोळी होती?"

"हाव."

"अन दोन पुड्या टाकल्या तं?"

मला समजलं नाही.

"त्या दिवशी मी दोन टाकल्या होत्या, भाऊ. धान उकडाचं, उसन्याचं काम लागलं होतं गिरणीत, दिवसभर पोते उचलून त्याची पाठ सोलली होती. म्हटलं, जराशी जास्त ताकद येईन." ती सुपातल्या पानांकडे पाहत होती. "लोक म्हणत तं मी भांडत नव्हती. मले वाटे, खरंच बोलतात. माह्याच हातानं गेला."

मी तिला म्हटलं, "एकीनंबी गेला असता. तीन पेले पेला होता तो. तुले माहीत असतं तं तू टाकली असती काय?"

तिने मग सूप बाजूला ठेवलं आणि तिचा आवाज चढला. बारा वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "हे मले काहून सांगून राहिले तुमी? मी का कोर्ट आहो? ज्याइनं मले माफ केलं त्याइले जाऊन सांगा!"

गेल्या रविवारी सांगितलं. वंदना झाली, लोक उठायच्या आत मी उभा राहिलो. कौतिका आली होती, चपलांजवळ, दाराशी बसली होती. लता सोबत होती. मी नागपूरच्या औषधवाल्यापासून सुरुवात केली आणि माझ्या स्वतःच्या पुडीपर्यंत सगळं सांगितलं. तुझा मुलगा उठला. "काका, बाप जिवंत होता तवा तोंड कोठी होतं तुमचं? आता राख थंडी नाही झाली अन..."

"तवा मी गप होतो," मी म्हणालो. "तुह्या बापासारखाच."

तो अंगावर येत होता, दोघांनी धरला. मागून कुणीतरी म्हणालं, गुरुजींनी वस्ती सुधारली, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, खाली बसवा त्याला. बरीच माणसं हो हो म्हणाली. मला वाटलं, झालं, इथेही तूच जिंकलास.

तेव्हा बायकांच्या बाजूने सुमनवहिनी उभी राहिली. पांढऱ्या लुगड्यात, भिंतीला हात टेकून. मुलाकडे पाहून म्हणाली, "बस खाली. गोळ्या मी कुटत होती."

तुझा मुलगा खाली बसला.

मग मधूनच एक म्हातारी बोलली, "आमच्या घरीबी देल्ली होती पुडी." तिच्या मागची म्हणाली, "माह्याबी. सुकरू मेला त्या दिवशी मी नाल्यात फेकली." आणखी एक. आणखी एक. पुरुष वळून आपापल्या बायकांकडे पाहायला लागले. एका म्हाताऱ्याने तिथूनच विचारलं, "मलेबी देत होतीस काय व?" ती म्हणाली, "हाव. वाचलास, आता चूप राय." कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

कारण कौतिका उठली होती. ती पुढे आली नाही, दारातच उभी राहिली. त्या सगळ्या बायकांकडे तिने एकेक करून पाहिलं. तिच्या सोबतीने पाणी भरलेल्या, तिच्याच बरोबर भट्ट्यांवर मडकी फोडायला गेलेल्या, आणि नंतर तिच्या हातचं न खाणाऱ्या.

"तुमाले साऱ्याइले माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या घरीबी होती पुडी. मंग तवा बोलल्या काहून नाही व?"

दिवाकर, तू असतास तर उत्तर दिलं असतंस. समाज, चळवळ, बाजार काय म्हणेल, सगळं तुझ्या तोंडपाठ होतं. आम्हाला त्यातलं काहीच सुचलं नाही. ती उत्तराची वाट पाहत उभी होती आणि आम्ही सगळे, तुझी बायको, तुझा मुलगा, मी, जमिनीकडे पाहत बसलो होतो.